भागीदारी कुणाची, हिशेब कुणाचा? रेसलिंग कंपन्यांच्या चालकांना खुलं पत्र

प्रति,
डब्ल्यूडब्ल्यूई, ऑल एलिट रेसलिंग (एईडब्ल्यू), न्यू जपान प्रो-रेसलिंग, सीएमएलएल, ट्रिपल ए, टीएनए, प्रो रेसलिंग नोआ आणि देशाच्या सीमेपलीकडे हातमिळवणी करणाऱ्या सर्व रेसलिंग कंपन्यांचे चालक

विषय : भागीदारीच्या अटी प्रेक्षकांना आणि पैलवानांना माहीत असण्याबाबत

स.न.वि.वि.

१९ एप्रिल २०२५ ला, रेसलमेनिया ४१ या त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी, डब्ल्यूडब्ल्यूईने मेक्सिकोची ट्रिपल ए विकत घेत असल्याचं जाहीर केलं. सोबतीला फिलिप ही मेक्सिकन कंपनी. ७ जूनला कॅलिफोर्नियात इंगलवूडला दोघांचा ‘वर्ल्ड्स कोलाइड’ हा संयुक्त कार्यक्रम झाला, १२ सप्टेंबरला लास व्हेगासला आणखी एक. त्या दुसऱ्या कार्यक्रमात डब्ल्यूडब्ल्यूईच्या डॉमिनिक मिस्टेरिओने एल इहो देल विकिंगोला हरवलं आणि ट्रिपल एचं मेगा अजिंक्यपद घेतलं. घोषणेपासून मोजलं तर सगळ्यात मोठा बेल्ट नव्या मालकाच्या पैलवानाकडे जायला पाच महिनेसुद्धा लागले नाहीत.

डॉमिनिकवर माझा राग नाही. तो काम चोख करतो आणि लोक त्याला पैसे मोजून बघायला येतात. मला खटकलं ते हे, की सगळं इतक्या बिनबोभाट झालं आणि कुणी साधा प्रश्नसुद्धा विचारला नाही. म्हणून हे पत्र. ते फक्त डब्ल्यूडब्ल्यूईला नाही. वर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना आहे, कारण या धंद्यात ज्याचा हात वर असतो तो हेच करतो. आज एक, उद्या दुसरा.

मी कोण? कुठल्याही कंपनीत नोकरीला नाही, कधी रिंगमध्ये पाय ठेवलेला नाही. वर्गणी भरणारा, टोकियोच्या आणि अमेरिकेच्या वेळा सांभाळत झोप मोडणारा साधा प्रेक्षक. नाद एवढाच की कुठलं अजिंक्यपद कुणाकडून कुणाकडे गेलं याची वंशावळ मी वहीत लिहून ठेवतो. तारीख, गाव, कोण जिंकलं, कशाने जिंकलं. एकाच लढतीचा निकाल दोन कंपन्या दोन तऱ्हेने सांगतात, तिथे समासात तांबडी फुली. या फुल्या कुठे दाट होतात हे पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दोन देशांतल्या कंपन्यांनी भागीदारी केली की फुल्या वाढतात, आणि त्या बहुतेक वेळा अशक्त भागीदाराच्या बाजूला असतात.

‘अहो, हे सगळं ठरवूनच असतं, मग तक्रार कसली?’ हे उत्तर मला बरेचदा मिळालं आहे. ठरवून असतं म्हणूनच तक्रार आहे. खऱ्या कुस्तीत हरला तर पैलवान हरला, दोष त्याच्या दमाचा किंवा डावाचा. इथे कोण हरणार, कसा हरणार, किती मिनिटांत हरणार हे तुम्ही बैठकीत बसून ठरवता. भागीदारीचा करार तुम्ही कपाटात ठेवता, पण त्याची कलमं रिंगमध्ये पिनफॉल (खांदे टेकवून चीत करणं) होऊन दिसतातच.

पहिली तक्रार नोंदींची आहे आणि ती सगळ्यात जुनी आहे.

३० नोव्हेंबर १९७९ ला जपानमध्ये तोकुशिमाला अँटोनियो इनोकीने बॉब बॅकलंडला हरवून डब्ल्यूडब्ल्यूएफचं (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव) अजिंक्यपद जिंकलं. तेव्हा न्यू जपान आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ भागीदार होते. आठवड्याभराने टोकियोत परतीची लढत झाली, टायगर जीत सिंगने मध्ये घुसून गोंधळ घातला, इनोकीने बेल्ट घ्यायला नकार दिला. (टायगर जीत सिंग हा पंजाबात जन्मलेला आणि कॅनडात स्थायिक झालेला गडी. जपानमध्ये त्याने इनोकीशी जे वैर केलं त्यावर वेगळं लिहावं लागेल.) जपानमध्ये हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली ही गोष्ट डब्ल्यूडब्ल्यूईच्या अधिकृत यादीत नाही. तिथे बॅकलंड फेब्रुवारी १९७८ पासून डिसेंबर १९८३ पर्यंत अखंड विजेता आहे.

आता याच्या शेजारची नोंद बघा. डिसेंबर १९७४ मध्ये कागोशिमाला जायंट बाबाने जॅक ब्रिस्कोकडून एनडब्ल्यूए या अमेरिकन संघटनेचं जागतिक अजिंक्यपद घेतलं आणि आठवड्याने परत केलं. तेही ठरवूनच, तेही आठवड्यापुरतंच. पण एनडब्ल्यूएने ते मान्य केलं आणि बाबाचं नाव यादीत राहिलं. म्हणजे दूरच्या देशातला निकाल मान्य करण्यात अडचण काहीच नव्हती. फक्त इच्छा लागते.

२१ मार्च १९९१ ला टोकियो डोममध्ये तात्सुमी फुजिनामीने अमेरिकेतल्या डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीचा विजेता रिक फ्लेअरला हरवलं. जपानमध्ये फुजिनामी विजेता. डब्ल्यूसीडब्ल्यूने अमेरिकेत सांगितलं, की फुजिनामीने फ्लेअरला वरच्या दोरावरून बाहेर टाकलं होतं, त्यामुळे आमच्या नियमाने फ्लेअरच विजेता. मे महिन्यात फ्लॉरिडात पुन्हा लढत लावली आणि त्याच वादावर तिकिटं विकली. युक्ती म्हणून मी दाद देतो. पण टोकियो डोममध्ये तिकीट काढून बसलेल्याला त्याच्या समोर घडलेलं खोटं ठरवून काय मिळालं?

आणि ज्या बेल्टचा मला सगळ्यात जास्त कळवळा आहे तो डब्ल्यूडब्ल्यूएफचा लाइट हेवीवेट. १९८१ पासून मेक्सिकोच्या यूडब्ल्यूए या कंपनीत तो लढवला जात होता. पेरो आग्वायो त्याचा पहिला विजेता. पुढे तो जपानला गेला, १९९६ साली आठ बेल्ट एकत्र करून न्यू जपानने जो ‘जे-क्राउन’ केला त्यातला तो एक झाला. १९९७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफला अचानक आठवण झाली की नाव आपलं आहे. बेल्ट परत मागवला, डिसेंबरमध्ये ताका मिचिनोकुला विजेता केलं आणि यादी तिथूनच सुरू केली. आधीची सोळा वर्षं गुल. मेक्सिको आणि जपानमधल्या गड्यांनी ज्या नावाला वजन मिळवून दिलं, त्या नावाच्या यादीत त्यांनाच जागा नाही.

दुसरी तक्रार पोरांची.

जपानी कंपन्यांत जुनी रीत आहे. होतकरू पैलवानाला वर्ष-दोन वर्षं परदेशी धाडायचं, तिथे त्याने शिकायचं, आणि परत आला की नव्या रूपात उभा करायचा. हे भागीदारीतलं सगळ्यात नाजूक काम, कारण इथे एक कंपनी दुसरीच्या हाती आपला उद्याचा माल नव्हे, आपला माणूस देते. न्यू जपानने काझुचिका ओकाडाला २०१० मध्ये अमेरिकेतल्या टीएनएकडे पाठवलं. तिथे त्याला बहुतेक वेळ दुय्यम कार्यक्रमात ठेवलं. मुख्य कार्यक्रमात घेतलं तेव्हा डोळ्यांवर काळा मुखवटा बांधून ‘ओकाटो’ नाव दिलं आणि समोआ ज्योच्या मागेमागे फिरणारा साथीदार केलं. आशियाई माणूस दिसला की त्याला नोकर नाहीतर निन्जा करायचं, यापलीकडे त्या लेखकांची बुद्धी गेली नाही.

तो ४ जानेवारी २०१२ ला जपानला परतला आणि १२ फेब्रुवारीला ओसाकात त्याने हिरोशी तानाहाशीला हरवून आयडब्ल्यूजीपी हेवीवेट हे न्यू जपानचं सगळ्यात मोठं अजिंक्यपद घेतलं. वय २४. पुढे याच माणसाने तो बेल्ट सलग ७२० दिवस राखला. न्यू जपानने टीएनएशी संबंध तोडले ते काही उगाच नाही. टीएनएवाल्यांच्या हाती त्या काळातला जगातला एक अव्वल पैलवान होता आणि त्यांना तो ओळखता आला नाही. आजही कितीतरी पोरं अशी बाहेर पाठवली जातात. त्यांचं तिथे काय होतंय हे बघायला पाठवणाऱ्या कंपनीचा कोण माणूस असतो?

तिसरी तक्रार पाहुण्याच्या ओळखीची. इथे मला आधी चांगलं उदाहरण द्यायचंय, कारण तुम्हाला जमत नाही असं नाही.

६ नोव्हेंबर १९९४. लॉस एंजेलिस. ट्रिपल ए आणि डब्ल्यूसीडब्ल्यू यांनी मिळून ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ केला. डब्ल्यूसीडब्ल्यूने पे-पर-व्ह्यूची (पैसे भरून घरी बघायच्या प्रक्षेपणाची) यंत्रणा दिली आणि बाकी लुडबुड केली नाही. पैलवान मेक्सिकोचे, नियम मेक्सिकोचे. एडी गरेरो आणि आर्ट बार एका बाजूला, एल इहो देल सांतो आणि ऑक्तागोन दुसऱ्या बाजूला, पणाला एकीकडे केस आणि दुसरीकडे मुखवटे. इंग्रजी समालोचनाला माइक टेने होता. साथीदार रिंगबाहेर पडला की दुसरा टॅग न करता, म्हणजे हाताला हात न लावता, आत का येऊ शकतो, मुखवटा उतरवणं मेक्सिकोत एवढं मोठं का, हे तो लढत चालू असताना शांतपणे सांगत गेला. ज्याने आयुष्यात लुचा लिब्रे, म्हणजे मेक्सिकन रेसलिंग, पाहिलं नव्हतं त्यालाही शेवटी गरेरो आणि बारचे केस कापले जाताना काय घडतंय ते पुरतं कळत होतं. रे मिस्टेरिओ ज्युनियर, कोनान ही नावं अमेरिकेतल्या नव्या प्रेक्षकापर्यंत पोचली ती अशी.

आता जानेवारी १९९७, सॅन अँटोनियो, रॉयल रंबल. स्टेडियम भरायचं होतं, प्रेक्षक मेक्सिकन-अमेरिकन होते, म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफने ट्रिपल एशी हात मिळवला. सिबेर्नेतिको, पिएरोथ आले आणि त्यांच्याबरोबर मिल मास्करास. मास्करास म्हणजे मेक्सिकोतलं केवढं नाव! टीव्हीवरच्या प्रेक्षकाला मात्र यातलं कोण कोण हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मास्करासने वरच्या दोरावर चढून बाहेर पडलेल्या पिएरोथवर उडी घेतली आणि रंबलच्या नियमाने (वरच्या दोरावरून बाहेर गेला तो बाद) स्वतःच बाद झाला. मेक्सिकोत जी उडी त्याची शान, ती इथे चूक ठरली, आणि कुणाला काय झालं ते कळेपर्यंत पुढचा नंबर वाजला. ती भागीदारीही टिकली नाही.

दोन्ही वेळी तीच ट्रिपल ए. फरक फक्त यजमानाने किती कष्ट घेतले याचा. एईडब्ल्यू आणि न्यू जपान यांच्या ‘फॉरबिडन डोअर’ या हल्लीच्या संयुक्त कार्यक्रमातसुद्धा अनेक लढती अशा लागतात, की न्यू जपानचा माणूस आठवडाभर आधी येतो, एक धक्काबुक्की होते आणि झाली लढत पक्की. जाणकार खूश, बाकीचे गप्प.

चौथी तक्रार माणसं नेण्याची. इथे मी शब्द जपून वापरणार आहे. पहिला ‘फॉरबिडन डोअर’ २६ जून २०२२ ला शिकागोत झाला. त्यानंतरच्या दोन वर्षांत जे व्हाइट, विल ऑस्प्रे आणि खुद्द ओकाडा न्यू जपान सोडून एईडब्ल्यूकडे गेले. तिघंही आपल्या मर्जीने गेले, चांगल्या पैशासाठी गेले, आणि तो त्यांचा हक्क आहे. पाठ, मान, गुडघे त्यांचे झिजतात. त्यांना कुणी बांधून ठेवावं असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण ज्या कंपनीने त्यांना मुख्य लढतीत उभं राहण्याजोगं घडवलं, तिला भागीदाराकडून काय मिळालं? फुटबॉलमध्ये पोराला घडवणाऱ्या क्लबला प्रशिक्षणाची भरपाई द्यायचा फिफाचा नियम आहे. इथे मात्र मोठ्या भागीदाराला छोट्याच्या घरात काय काय ठेवलंय ते आत येऊन बघता येतं, एवढाच भागीदारीचा अर्थ उरतो. ४ जानेवारी २०२६ ला तानाहाशीने टोकियो डोममध्ये शेवटची लढत दिली तेव्हा समोर ओकाडा होता, तो एईडब्ल्यूमधून आलेला पाहुणा म्हणून. तानाहाशी तेव्हा न्यू जपानचा अध्यक्षही होता. दोघं मनात काय हिशेब करत असतील ते तेच जाणोत.

एईडब्ल्यूला न्याय द्यायचा तर हेही लिहायला हवं. एप्रिल २०२४ मध्ये जॉन मॉक्सलीने तेत्सुया नाइतोकडून आयडब्ल्यूजीपी जागतिक अजिंक्यपद घेतलं आणि जूनमध्ये एईडब्ल्यूच्याच कार्यक्रमात, स्वच्छ पिनफॉलने, नाइतोला परत दिलं. दोन्ही नोंदी दोन्हीकडे सारख्या. माझ्या वहीत तिथे फुली नाही.

पाचवी तक्रार गाजावाजा करून येण्याची आणि गुपचूप निघून जाण्याची. ती ब्रिटनचा दाखला देऊन सांगतो, कारण ट्रिपल एच्या प्रेक्षकांनी तो आत्ताच वाचावा. जानेवारी २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने ब्लॅकपूलला स्पर्धा घेतली, टायलर बेटला युनायटेड किंगडम विजेता केलं, तिथल्या स्वतंत्र कंपन्यांशी संबंध जोडले, आणि २०१८ पासून एनएक्सटी यूके ही आपली ब्रिटिश शाखा चालू केली. करारबद्ध झालेल्यांवर बाहेर कुठे लढायचं याची बंधनं आली. २०२२ मध्ये दुकान बंद. त्याजागी २०२३ साली एनएक्सटी युरोप येणार होतं, ते त्या साली आलंच नाही. मोठा भागीदार निघून गेला आणि मागे राहिलेल्या छोट्या कंपन्यांनी आपली मोडलेली घडी आपणच बसवायची. टीएनएने एन्डेमॉल या टीव्ही-निर्मिती कंपनीबरोबर भारतात केलेला ‘रिंग का किंग’ तुमच्यातल्या किती जणांना आठवतो? पुण्यात बालेवाडीला चित्रीकरण, २०१२ साली कलर्सवर एक हंगाम, मग सामसूम. भागीदारी सुरू करताना ढोल असतात. ती संपताना एका ओळीचं पत्रकसुद्धा निघत नाही.

सहावी दुखापतीच्या जबाबदारीची. छोटी आहे पण तिच्यावर मी अडून बसणार आहे. पहिल्या ‘फॉरबिडन डोअर’मध्ये अॅडम कोलच्या डोक्याला मार लागून लढत घाईघाईने संपवावी लागली. २०२३ मध्ये टोरोंटोला ब्रायन डॅनियलसनचा हात लढतीतच मोडला आणि त्याने तशाच हाताने ओकाडाविरुद्धची लढत पूर्ण केली. हे दोघं यजमान कंपनीचे होते. उद्या पाहुण्याचा हात मोडला तर दवाखान्याचं बिल कुणाचं, आणि घरी बसलेल्या महिन्यांचा पगार कुणाचा? अमेरिकेत पैलवानाला कागदोपत्री नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार धरायची पद्धत आहे. तो दुसऱ्या देशात, दुसऱ्या कंपनीच्या रिंगमध्ये पडला की त्याची जबाबदारी दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीत जाते.

आणि सातवी : एकाच वैराचा पहिला भाग एका ॲपवर, दुसरा दुसऱ्यावर, जुना संदर्भ तिसऱ्याच वर्गणीत. याहून जास्त लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

तर मागण्या.

भागीदारी जाहीर कराल तेव्हा मुदत किती, कुणाचे पैलवान कुठे जाऊ शकतात, अजिंक्यपदं हस्तांतरित होऊ शकतात की नाही आणि चित्रीकरण कुणाच्या मालकीचं, एवढं त्याच पत्रकात लिहा. रकमा नका सांगू, त्या मला नकोतच.

बेल्ट ज्याच्या कंबरेला बांधलात त्याचं नाव यादीत राहिलं पाहिजे, मग तो तोकुशिमाला बांधा की लास व्हेगासला. डब्ल्यूडब्ल्यूईने इनोकीचं नाव आणि लाइट हेवीवेटची १९८१ पासूनची यादी मान्य करावी. यात एक पैसा खर्च नाही.

शिकायला पाठवलेल्या तरुणाला कुठलं पात्र द्यायचं हे पाठवणाऱ्या कंपनीच्या आणि त्या तरुणाच्या लेखी संमतीशिवाय ठरू नये.

पाहुण्या विजेत्याला संयुक्त कार्यक्रमाच्या आधी किमान महिनाभर यजमानाच्या मुख्य कार्यक्रमात वेळ द्या, आणि त्याच्या देशाची शैली जाणणारा एक समालोचक बसवा.

भागीदार असताना, किंवा भागीदारी संपल्यावर वर्षभरात, समोरच्याचा पैलवान घेतलात तर कंपनीने कंपनीला भरपाई द्यावी. पैलवानाच्या पगारातून ती कापू नये आणि त्याचा रस्ता अडवू नये.

दुखापतीचा खर्च आणि बुडालेला पगार ज्याच्या रिंगमध्ये दुखापत झाली त्याने द्यावा. लेखी.

ट्रिपल एच्या बाबतीत वेगळं मागणं : १९९२ पासून अंतोनियो पेन्या आणि त्याच्या वारसांनी जे उभं केलं, त्यातले मिनी (बुटके पैलवान), एक्झोतिको (बायकी ढंगाची पात्रं), तिघा-तिघांच्या लढती आणि मुखवट्यांच्या पैजा हे सगळं मेक्सिकोत बसलेल्या, मेक्सिकन प्रेक्षकाला ओळखणाऱ्या माणसांनीच ठरवावं. मेगा अजिंक्यपद वर्षातून किती वेळा मेक्सिकोत लढवलं जाणार, हे नव्या मालकांनी जाहीर करावं.

उत्तर खासगीत पाठवू नका, मला माझ्यापुरती सवलत नको आहे. तुमच्यापैकी जो कुणी पुढची भागीदारी जाहीर करेल त्याच्या पत्रकात पहिल्या मागणीतल्या चार गोष्टी आहेत का, ते मी बघेन. असतील तर वर्गणी चालू राहील.

आपला,
एक वर्गणीदार प्रेक्षक